जग मांडायचा दिवस

डिंडोलीतल्या त्यांच्या रो-हाउसमागे नाला होता आणि नाल्यापलीकडे लूम्सची, म्हणजे यंत्रमागांची, शेड. तिकडून दिवसरात्र खटाखट चालू असायची. नव्या पाहुण्याला पहिले काही दिवस झोप लागत नसे, मग तो आवाज ऐकू येणंच बंद होई. लग्न होऊन सुरतेत आल्यापासून उज्ज्वलाला तो वेगळा असा कधी जाणवला नव्हता.

घरात माणसं मोजकी. नवरा सुकदेव भेस्तानच्या एका लूमखात्यात मास्तर होता. सासू कलाबाई, सासरे हेमराज वारल्यावर साक्रीकडचं गाव सोडून इकडे आलेली. धाकटा दीर लखन बिनलग्नाचा, इच्छापोरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, वरच्या खोलीत राहायचा. मुलगी कविता बडोद्याला हॉस्टेलवर. उज्ज्वला स्वतः एका इंग्रजी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची.

विश्वाच्या उत्पत्तीचा धडा ती आवडीने शिकवायची. फळ्यावर खडूने एक ठिपका काढायची आणि सांगायची, आज जे काही दिसतं ते सगळं एकेकाळी याच्याहूनही लहान जागेत होतं. एकदा एका मुलीने विचारलं, "टीचर, मग ठिपक्याच्या बाहेर काय होतं?" बाहेर असं काही नव्हतंच, असं उत्तर उज्ज्वलाने दिलं होतं.

श्रावणात घरी कानबाई देवी बसायची. खानदेशातल्या पुष्कळ घरांत ती बसते, सुरतेतही बसते. पण या घरात आदल्या दिवशी आणखी एक रीत होती, जी भाऊबंदांत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. रोटांचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू गिरणीत जायच्या आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने पाटावर जग मांडायचं. मुठीत गहू घ्यायचे, एकेका गोष्टीचं नाव घ्यायचं आणि नावागणिक एक चिमूट पाटावर ठेवायची. काहीच नव्हतं तिथून सुरुवात करायची आणि घरातल्या शेवटच्या माणसाशी थांबायचं. मग ते गहू गोळा करून रोटांच्या गव्हात मिसळायचे.

लग्नाच्या पहिल्या वर्षी उज्ज्वला हसली होती. "आई, जग तर होऊन गेलं. दर वर्षी काय मांडायचं?"

"होई जास, तशे निघी बी जास," कलाबाई म्हणाली होती. होतं, तसं निघूनही जातं. "भांडं नही का घासनं पडत रोज?"

त्यानंतर उज्ज्वलाने कधी विचारलं नाही, आणि ऐकलंही नाही. त्या वेळी ती नेहमी स्वयंपाकघरात काहीतरी काढत-ठेवत असे.

या वर्षीच्या शनिवारी दुपारी कलाबाई हॉलमध्ये फरशीवर पाय पसरून बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलेलं, पुढे पाट, शेजारी गव्हाची परात. तिचा आवाज संथ होता, जात्यावर बसल्यासारखा.

"पयले काहीच नव्हतं. नही दिन, नही रात. नही वर, नही खाले. मंग पानी व्हयनं. पानी कोन्ही आनं नही, ते व्हयनं…"

पाण्यानंतर फेस झाला, फेसाची माती झाली, मातीला गवत फुटलं. मुंगी आली, ढोरं आली, माणूस आला. पाटावर गव्हाच्या चिमटी एकीपुढे एक सरकत गेल्या. नावं घेत कलाबाई घरच्या माणसांपर्यंत पोचली तेव्हा बेल वाजली.

दारात नयनाबेन होत्या, उज्ज्वलाच्या शाळेच्या प्रिन्सिपल. शाळेत सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती आणि उज्ज्वलाचं नाव पुढे होतं. जवळच एका पालकाकडे आले होते, म्हटलं घर बघून जाऊ, असं त्या गुजरातीत म्हणाल्या. पांढरी सुती साडी, हातात छोटी पर्स. उज्ज्वलाने दार पूर्ण उघडलं आणि त्याच क्षणी तिला हॉल दिसला, जसा त्यांना दिसत असेल तसा. सासूच्या उघड्या पोटऱ्या. फरशीवर सांडलेले गहू. भिंतीवर वाळत घातलेली लखनची बनियन.

"हेमराज," कलाबाई म्हणत होती. "मंग कलाबाई. मंग सुकदेव. मंग उज्ज्वला. मंग कविता. मंग…"

"आई, बस!" उज्ज्वला म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला.

कलाबाईने वर पाहिलं. तिच्या मुठीत अजून एक चिमूट होती.

"पाहुणे आलेत. आत घ्या ना ते सगळं." आणि उज्ज्वलाने स्वतःच वाकून पाटावरचे गहू ओंजळीने परातीत लोटले. म्हातारीची मूठ उघडून त्यातलेही काढून घेतले. कलाबाई रिकाम्या पाटाकडे बघत राहिली.

नयनाबेन सोफ्यावर बसल्या. "बा काय म्हणत होत्या?"

"काही नाही. जुन्या बायकांच्या गोष्टी," उज्ज्वला हसून म्हणाली. "जग कसं झालं वगैरे."

"असं?" नयनाबेनना खरंच कुतूहल वाटलेलं दिसलं. "आम्ही जैन. आमच्यात तर जग कोणी केलंच नाही. ते आहेच. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. तुमच्यात काय सांगतात?"

"मी तर मुलांना बिग बँगच शिकवते, मॅडम."

"ते बरोबर. पण बांचं काय?"

उज्ज्वलाने उत्तर द्यायच्या आत बाहेरचं फाटक वाजलं आणि लखन आला. पहिली पाळी संपवून आलेला, निळ्या कपड्यांवर तेलाचे डाग, हातात हेल्मेट. "वहिनी, भूक लागनी व!" तो दारातूनच ओरडला आणि पाहुण्या दिसताच ओशाळून थांबला. त्याने चपला काढल्या. त्याच्या पायांचे काळे ठसे फरशीवर उमटले.

"हे कोण?" नयनाबेननी विचारलं.

उज्ज्वला म्हणाली, "वरच्या खोलीतले भाडोत्री."

ते वाक्य तिने ठरवलं नव्हतं. लखनने ते ऐकलं. तो जरासा हसला, नयनाबेनना नमस्कार केला आणि जिन्याने वर गेला. त्या गेल्यावर जाऊन माफी मागू, असं उज्ज्वलाने मनाशी म्हटलं. त्या गेल्या तेव्हा गहू दळायला नेण्याची घाई होती. ते राहून गेलं.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, चुनरी. आरती झाल्यावर कलाबाईने रोट वाढले; ते घरच्यांनीच खायचे असतात. लखनपुढचं ताट रिकामंच राहिलं.

"आई, मना रोट?" लखन म्हणाला.

कलाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि उज्ज्वलाकडे वळून हळूच विचारलं, "परक्याले चालस का?"

उज्ज्वलाचा चेहरा तापला. म्हातारीने कालचं ऐकलं होतं तर, आणि आता सगळ्यांसमोर टोमणा मारत होती. तिने आपल्या ताटातला अर्धा रोट लखनला दिला. लखनने तो खाल्ला. सुकदेव खाली मान घालून जेवत होता.

नंतरच्या आठवड्यात तिला वाटलं की भावाभावांत काही बिनसलंय. सुकदेव लखनशी अहिराणी सोडून हिंदीत बोलू लागला. आधी तिचं लक्ष गेलं नाही, सुरतेत कोण हिंदीत बोलत नाही? पण एका सकाळी जिन्यापाशी तिने स्पष्ट ऐकलं. "भाई, पानी की मोटर बंद कर देना." आणि लखन म्हणाला, "जी, सेठ."

"सेठ काय म्हणतो तो तुम्हाला?" तिने सुकदेवला विचारलं.

"मग काय म्हणेल?"

"तुम्ही भांडलात का? मी त्या दिवशी बोलले म्हणून? चूक माझी आहे. मी सांगते त्याला."

सुकदेव बुटाची लेस बांधत होता. त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेजाऱ्याच्या घरातली गोष्ट आपल्याला कुणी का सांगतंय, असा भाव होता. "चांगला माणूस आहे," तो म्हणाला. "त्याच्याशी कशाला भांडू?"

तिने कलाबाईजवळ बसून सासूचे पाय धरले. "आई, माझं चुकलं. नयनाबेनसमोर मला लाज वाटली. लखनची, तुमची… मला लाज वाटली. आता पुरे करा."

कलाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "रडू नको. कोन लखन?" आणि मग, आठवल्यासारखं, "तो वरला? परदेशी पोऱ्या शे बिचारा. त्याले बी आई व्हई कोठे तरी."

त्या दुपारी उज्ज्वलाने कविताला फोन लावला. सहज बोलल्यासारखं करत म्हणाली, "लखनकाकांना फोन कर गं एकदा. बरं वाटेल त्यांना."

"कोण काका?"

"कविता, मस्करी करू नको."

"मम्मी," कविता जरा थांबून म्हणाली, "पप्पा तर एकटेच आहेत ना?"

उज्ज्वला चहाचा कप घेऊन वर गेली. लखन कॉटवर बसून बॅग भरत होता. तिला पाहताच तो उभा राहिला, इतक्या घाईने की कॉटवरचा कंगवा खाली पडला.

"अरे मॅडम, आप क्यों लाये?"

"लखन, बस. मी वहिनी आहे ना तुझी."

तो अवघडला. कप दोन्ही हातांनी घेतला, देवळात तीर्थ घेतात तसा. "कंपनीच्या जवळ खोली मिळाली," तो हिंदीत म्हणाला. "इच्छापोरला. रोजचं जाणं-येणं फार होतं."

"तुझं गाव कुठलं, लखन?"

त्याने तोंड उघडलं. ती बघत होती. उत्तर जिभेवर असलेल्या माणसाचा चेहरा होता तो. मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निसटलं आणि तो लाजल्यासारखा हसला. ते हसणं त्या शनिवारचंच होतं.

"लहानपणीच निघालो," तो म्हणाला. "अब याद नहीं."

तो चहा प्यायला, कप स्वतः विसळून तिच्या हातात दिला. संध्याकाळी बाजारातून परत आल्यावर तिने पाहिलं तर वरची खोली झाडून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. सुकदेव कामावर गेल्यावर तिने परातीत गहू घेतले, पाट मांडला आणि कलाबाईला पुढ्यात बसवलं.

"परत मांडा, आई."

"आते? कानबाई गई ना. सालमा एकदाव मांडानं रास."

"दुसऱ्यांदा मांडलं तर?"

"माले काय म्हाईत? कोन्ही मांडंच नही."

"त्या दिवशी अर्धवट राहिलं होतं. मी थांबवलं तुम्हाला. एक नाव राहिलं."

"काहीच नही राह्यनं," कलाबाई म्हणाली. "कवितापाशी सरनं." तिचा स्वर शांत होता. तिला तसंच आठवत होतं.

तिला खूप समजावून झालं, विनवून झालं. मग उज्ज्वलाने स्वतःच मूठ भरली. बाहेर ऊन होतं, खिडकीतून नाल्याचा वास येत होता, समोरच्या घरात कुकरची शिट्टी वाजत होती. आपण विज्ञान शिकवतो, आणि आपण हे करतोय, याची तिला लाज वाटली. पण ती लाज आता फार लहान होती.

"पयले काहीच नव्हतं," उज्ज्वला म्हणाली.

लूम्स थांबल्या.

वीज गेली असेल, असं तिला वाटलं. पण पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता. कुकरची शिट्टी मध्येच तुटली होती. कंपाउंडच्या भिंतीवर एक कावळा चोच उघडून बसला होता.

समोरच्या कॅलेंडरवर तिची नजर गेली. अक्षरं दिसत होती. ती कुठल्या भाषेतली आहेत ते कळत नव्हतं.

पुढे म्हणायला हवं होतं. पुढे काय होतं? इतकी वर्षं ते या हॉलमध्ये म्हटलं गेलं होतं आणि ती पलीकडे डबे लावत होती. वारा? उजेड? तिने आठवायचा प्रयत्न केला, तर तिला फळ्यावरचा तो खडूचा ठिपका दिसला. मग तोही दिसेना.

"मंग…" ती म्हणाली. तिचा आवाज तिला ऐकू आला नाही.

एक खरखरीत हात तिच्या मनगटावर पडला.

"पानी," कलाबाई म्हणाली. "मंग पानी व्हयनं."

स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब भांड्यात पडला. तो तिला ऐकू आला.

कलाबाईने तिच्या मुठीतले गहू आपल्या मुठीत घेतले. म्हातारीचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, पण आवाज संथ होता. फेस. माती. गवत. मुंगी. ढोरं म्हणताच नाल्याकडून म्हैस ओरडली. माणूस म्हणताच समोरच्या घरातली बाई कुणाला तरी हाक मारू लागली. लूम्स सगळ्यात शेवटी सुरू झाल्या.

"मंग हेमराज. मंग कलाबाई."

उज्ज्वला श्वास रोखून बसली.

"मंग सुकदेव. मंग उज्ज्वला. मंग कविता."

मुठीत एक चिमूट उरली होती. कलाबाई थांबली, काहीतरी शोधत असल्यासारखी. लखन, हे नाव उज्ज्वलाच्या जिभेवर होतं. नुसतं उच्चारायचं होतं. पण मागच्या वेळी ती मध्ये बोलली होती. आता पुन्हा बोललं आणि हे इथेच तुटलं तर काय काय जाईल? कविता जाईल? तिने ओठ घट्ट मिटले. तिला आपलीच किळस आली, आणि तरीही तिने ते मिटलेलेच ठेवले.

"मंग हिलाल," कलाबाई म्हणाली, आणि शेवटची चिमूट पाटावर ठेवली.

"कोण हिलाल?"

कलाबाई गहू गोळा करत होती. दमलेली, पण समाधानी. "तू बी ना, पोरी," ती म्हणाली.

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी फाटक वाजलं. एक माणूस आत आला. सावळा, रुंद खांद्यांचा, खिशाला पेन लावलेला. त्याने चपला दारामागे ठेवल्या, हातपाय धुतले आणि न विचारता बरोबर लखनच्याच खुंटीवरचा टॉवेल घेतला.

"उना का, हिलाल?" सोफ्यावरून सुकदेव म्हणाला. अहिराणीत.

"हा, दादा. वहिनी, पानी द्या ना."

तिने पाणी दिलं. तिने तोंड उघडलं, म्हणायला की हा कोण, हा आपला नाही. सुकदेव त्याला दिवसभराचं काहीतरी सांगत होता आणि कलाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. उज्ज्वला आत गेली आणि कणीक मळू लागली. सगळ्यांना पुरेल इतकी मळली.

जेवणं व्हायच्या आधी पुन्हा फाटक वाजलं. खिडकीच्या पडद्याआडून तिला दिसलं. लखन बाहेर उभा होता, निळ्या कपड्यांत. फाटकाच्या आत तो आला नाही. हिलाल उठून बाहेर गेला. दोघं दिव्याखाली समोरासमोर उभे राहिले. हिंदीत चार शब्द बोलले. लखनने त्याच्या हातात काहीतरी दिलं, मग घराकडे पाहिलं. खिडकीकडे, दाराकडे, पुन्हा खिडकीकडे. चुकीच्या गल्लीत आलेला माणूस पाट्या वाचतो तसं.

तिला हाक मारायची होती. दार उघडंच होतं. ती पडद्यामागे एक पाऊल मागे सरकली.

हिलाल आत आला.

"कोण होतं?" तिने विचारलं.

"वरचा भाडोत्री. चावी द्यायले उन्ता," तो म्हणाला, आणि चावी फ्रिजवर ठेवली. "वहिनीले नमस्ते सांगा म्हने."

तो पाटावर बसला. दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. त्याच्या डाव्या भुवईतून जखमेचा जुना व्रण गेला होता. तेवढ्या जागेत केस उगवले नव्हते. ती भाकरी वाढता वाढता त्याकडे बघत राहिली. तो व्रण कसा झाला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिला विचारावंही लागलं नाही; तिला ते आठवत होतं.